भाजलेली कंदमुळं आणि त्यावरचा गोड लेप : तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मध लावून भाजलेल्या गाजरांची कृती दिली होती, गाजरं चिरायची, तेल-मीठ-मध चोळायचं आणि ओव्हनमध्ये अर्धा तास, एवढीच छोटीशी. त्यावर खूप पत्रं आली आणि बहुतेकांची तक्रार एकच की बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. पत्रं वाचताना लक्षात आलं की मध कधी घालायचा ते मी धड लिहिलंच नव्हतं, सगळं एकदमच चोळा असं वाटावं असं लिहिलं होतं, त्याबद्दल मनापासून सॉरी. म्हणून या वेळी फक्त याच विषयाचे प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. आमच्या शेजारी एक आजी-आजोबा आहेत, दर ख्रिसमसला ते आम्हाला जेवायला बोलावतात आणि प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो. गेल्या वर्षी माझ्याकडे मधातले गाजर आणि पार्सनिप होते. मध ट्रेला चिकटून काळाकुट्ट झाला, पार्सनिपची टोकं कोळसा आणि मधला भाग दाताखाली कचकच. सगळ्यांनी छान छान म्हणून खाल्लं पण मला फार वाईट वाटलं. या वर्षी मला नीट करायचंय.

उत्तर : अगं, वाईट वाटून घेऊ नकोस, या वर्षी नक्की जमेल. आधी इथल्या मंडळींसाठी सांगते, पार्सनिप म्हणजे गाजराचाच भाऊबंद, दिसायला पांढरट पिवळं आणि डोक्याकडे जाड. तिकडच्या रविवारच्या रोस्टच्या आणि ख्रिसमसच्या ताटात तो असतोच. थंडी पडली, जमिनीवर हिमाचा पहिला थर आला की त्याच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते म्हणून तिकडचे बागवाले हिम पडेपर्यंत तो काढत नाहीत. युरोपात साखर महाग होती त्या काळात गोड करायला हाच कंद वापरायचे. म्हणजे मुळात तो गोडच आहे, मध फक्त त्याला चकाकी आणि खरपूसपणा द्यायला.

आता तुझं काय झालं ते बघ. मधात फ्रुक्टोज (साखरेचाच एक प्रकार) भरपूर असतं, ते साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, साधारण 110 डिग्रीलाच रंग बदलायला लागतं आणि तुझा ओव्हन असतो 200 ला. तीस-पस्तीस मिनिटं तो मध तिथे टिकणारच नाही. दुसरं, आपण पुरण करताना डाळ शिजायच्या आधी गूळ घालतो का? नाही ना, कारण गूळ आधी पडला की डाळ दाठरते. कंदांचंही तसंच, गोड आधी पडलं की मऊ व्हायला वेळ लागतो. तेव्हा आधी शिजवणं, मग भाजणं आणि गोड सगळ्यात शेवटी, हा क्रम काही झालं तरी मोडायचा नाही.

एक किलोचा हिशोब देते, अर्धी गाजरं अर्धे पार्सनिप. सोलून लांब लांब फोडी कर, बोटाएवढ्या जाड, आणि पार्सनिपचा जाड भाग उभा चार-चार तुकड्यांत काप. मोठा पार्सनिप असेल तर मधला दांडा लाकडासारखा असतो तो सरळ काढून टाक, तुझी कचकच बहुतेक त्याचीच. मिठाच्या उकळत्या पाण्यात गाजर 5 मिनिटं, पार्सनिप 4 मिनिटं, मग चाळणीत निथळून तसंच 5 मिनिटं राहू दे, वाफ पूर्ण जाऊ दे. ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो कारण जोवर फोडीवर पाणी आहे तोवर तिचं अंग 100 डिग्रीच्या वर जातच नाही आणि रंग येतच नाही, ती ओव्हनमध्येही उकडतच बसते. तोपर्यंत ट्रेमध्ये 3 टेबलस्पून तेल घालून ओव्हनमध्ये तापत ठेव, 200 डिग्री, पंख्याचा ओव्हन असेल तर 180. तापलेल्या तेलात फोडी टाकल्या की चर्र आवाज यायला हवा. एक सपाट चमचा मीठ, आणि फोडी एकमेकींना न चिकटता एका थरात, मावत नसतील तर दोन ट्रे घे पण ढीग करू नकोस. 25 मिनिटं भाज, मध्ये एकदा उलथ. कडा सोनेरी झाल्या आणि सुरीचं टोक अलगद गेलं की मग 2 टेबलस्पून मध, 1 टेबलस्पून बटर आणि 1 चमचा दाणेदार मस्टर्ड एकत्र कोमट करून वर ओत, हलव आणि परत फक्त 8 ते 10 मिनिटं. शेवटच्या चार मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नकोस. बाहेर काढल्यावर अर्ध्या लिंबाचा रस.

आणि न्यायचं कसं, तर घरी मध घालायच्या आधीपर्यंतचं सगळं कर, फोडी ट्रेमध्येच गार होऊ दे, मधाचं मिश्रण छोट्या बाटलीत घे आणि आजींच्या ओव्हनमध्ये जागा झाली की आधी फोडी पाचेक मिनिटं चांगल्या तापव, मग मध ओतून शेवटची 10 मिनिटं तिथेच कर. तयार करून फॉइलने घट्ट झाकून नेलंस तर आतल्या वाफेने सगळं मऊ पडतं. कसं झालं ते नक्की कळव गं.

प्रश्न : आमच्याकडे मधापेक्षा गूळच असतो. मी गूळ किसून फोडींवर भुरभुरवला तर काही ठिकाणी खडे तसेच राहिले, काही ठिकाणी जळला. काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कोरडा गूळ नका घालू. दोन टेबलस्पून चिरलेल्या गुळाला एक टेबलस्पून पाणी, मंद आचेवर फक्त विरघळू द्या, पाक करायचा नाही, आणि गाळून घ्या कारण गुळात बारीक कचरा असतोच. त्यात एक चमचा तूप. आणि तुम्ही तर सांगलीचे, जवळपास गुऱ्हाळं असतील तर काकवीच आणा ना, ती मुळात पातळ, विरघळवायची भानगड नाही, आणि तिची ती किंचित उग्र चव बीट आणि सुरणावर इतकी सुरेख लागते की मला मधापेक्षा काकवीच जास्त आवडते, हे माझं अगदी ठाम मत आहे.

अजून एक. नुसतं गोड घातलं की दोन फोडींनंतर तोंड मिटतं. आपल्या स्वयंपाकात चिंच-गूळ उगीच जोडीने येत नाहीत, तीच जोडी इथे आणा. गुळाच्या त्या पाण्यात एक चमचा चिंचेचा कोळ, पाव चमचा मिरपूड, चिमूटभर सुंठ. वरणभात, साधं तूप आणि बाजूला या फोडी, मला तर दुसरी भाजी लागत नाही. मुलांना करत असाल तर मिरपूड कमी करा.

प्रश्न : माझ्याकडे ओव्हन नाही, ओटीजी नाही, घ्यायचाही नाहीये. गॅसवर होईल का हे, का सोडून देऊ? (एक ताई, चिपळूण)

उत्तर : सोडून कशाला द्यायचं, ओव्हन आत्ता आत्ता आले आपल्याकडे, कंद भाजणं आपल्याला पिढ्यान् पिढ्या येतंय! कोकणात आहात म्हणजे पोपटी माहीत असेलच, रायगडात अलिबाग-पेणकडे थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी मडक्यात भरतात, भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं आणि भोवती जाळ. आत वाफ कोंडते, भाजणं आणि शिजणं एकदमच होतं. आपल्याला गॅसवर तेच करायचंय फक्त उलट्या मार्गाने, आधी झाकून आणि मग उघडं.

बिडाची कढई किंवा जाड बुडाचा तवा घ्या, नॉनस्टिक नको, त्यावर खरपूस रंग नीट येत नाही. दोन मोठे चमचे तूप किंवा तेल तापवा, रताळ्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या एका थरात मांडा, मीठ, आणि झाकण ठेवून मंद आचेवर 10 मिनिटं, पाणी घालायचं नाही. मध्ये एकदा झाकणाच्या आतलं पाणी पुसून घ्या, ते भाजीत पडू देऊ नका. बोटचेपी झाली की झाकण काढून आच मध्यम, दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत. मग वरचं चिंच-गुळाचं पाणी ओता, ते बुडबुडे येऊन फोडींना चिकटायला लागलं की दोन मिनिटांत गॅस बंद. कढईच्या उष्णतेने ते पुढेही आटत राहतं म्हणून जरा पातळ असतानाच थांबा.

रताळ्याबद्दल घाई न करण्याचं खरं कारण वेगळंच आहे आणि ते मला फार आवडतं. रताळ्यात एक एन्झाइम असतं, ते साधारण 60 ते 75 डिग्रीच्या मध्ये जोरात काम करतं आणि स्टार्चची साखर करतं. मोठ्या आचेवर ती पायरी भर्रकन निघून जाते, रताळं शिजतं पण तितकं गोड होत नाही. चुलीच्या राखेत निखाऱ्यांशेजारी तासभर पुरलेलं रताळं आठवा, सालीतून चिकट काळपट मध गळायचा, तो बाहेरून कुणी घातलेला नसायचा. माझी आजी रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर रताळी राखेत सरकवायची आणि आम्ही पोरं झोपायचं नाव घ्यायचो नाही. म्हणून मंद आच, आणि रताळ्याला गूळ गाजराच्या निम्मा.

कोकणात कणगर नावाचे कंद मिळतात तेही असेच करून बघा, पण ते आधी सालीसकट उकडून घ्या आणि मग सोलून परता. सुरण असेल तर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात आधी उकडायचं, कारण त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या कणांमुळे असते आणि नुसत्या भाजण्याने ती जाईल असं धरून चालू नका.

प्रश्न : लाल गाजरं घ्यायची का केशरी? आणि बीट घातलं की सगळंच लाल होतं, उपाय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भाजायला केशरी. थंडीतली लाल गाजरं हलव्याला राणी, पण पाणीदार असतात त्यामुळे आकार सोडतात आणि रंग यायला उशीर लागतो. तीच घ्यायची असतील तर कोवळी, बोटाएवढी घ्या आणि आधी उकळू नका. बीट वेगळ्याच ट्रेमध्ये किंवा ट्रेच्या एका कोपऱ्यात फॉइलची वाटी करून भाजा, ताटात वाढताना एकत्र करा, तेसुद्धा न ढवळता. बीटाला वेळही जास्त लागतो, 45 मिनिटं तरी, म्हणून आधी कुकरला एक-दोन शिट्ट्या काढून मग फोडी करा. बीटाचा तो मातीसारखा वास काहींना नको वाटतो, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर घातलं की बराच कमी होतो.

प्रश्न : मॅम, एअर फ्रायरमध्ये टाइम किती? ग्लेझ खाली गळून जातो आणि खाली धूर होतो. (बंगळुरूहून एक विद्यार्थी)

उत्तर : अरे ग्लेझ, म्हणजे तो गोड लेप, वरून ओतू नकोस. फोडींना तेल-मीठ लावून 180 वर 15 मिनिटं, मध्ये एकदा बास्केट हलव. मग फोडी एका भांड्यात काढ, त्यातच मध किंवा गूळ घालून नीट घोळव, आणि परत 3 मिनिटं, बास. बास्केट निम्मीच भर, रूममेट्स असतील तर दोनदा कर.

प्रश्न : हे उपवासाला चालेल का?

उत्तर : रताळी, कणगर, सुरण हे बहुतेक घरांत चालतात, गाजर-बीट बहुतेकांकडे चालत नाही, मोहरी-मस्टर्ड नाही. तूप, गूळ, जिरं, मिरपूड, सैंधव आणि लिंबू. शेवटी भाजलेल्या दाण्याचं भरड कूट घाला. तुमच्या घरची रीत काय आहे ते सासूबाईंना किंवा आईंना विचारून घ्या, त्यात मी पडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी 10 महिन्यांची आहे, तिला या मधातल्या गाजराच्या फोडी हातात देऊ का? मऊ असतात म्हणून विचारलं.

उत्तर : नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, शिजवलेलासुद्धा नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमचे जंतू बीजरूपात असतात, मोठ्यांचं पोट ते सांभाळतं, बाळाचं नाही, आणि ओव्हनच्या उष्णतेने ती बीजं मरतीलच असं नसतं. तिच्यासाठी चार फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या आधीच बाजूला काढा, बिनमिठाच्या पाण्यात उकळून मध-मीठ न लावता छान मऊ भाजा, बोटांनी दाबून सहज लगदा होतोय ना ते बघा आणि मगच द्या. गूळ-साखरही नको, गाजर तिला आहे तसंच गोड लागेल.

प्रश्न : बाबांना डायबेटिस आहे आणि त्यांना रताळं खूप आवडतं. गूळ न घालता भाजून दिलं तर चालेल ना?

उत्तर : हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण लोकांना वाटतं गूळ टाळला म्हणजे झालं. वर लिहिलं तसं मंद भाजताना रताळ्यात आपोआपच साखर तयार होते, त्यामुळे तेच रताळं उकडून खाल्लं तर रक्तातली साखर जरा सावकाश वाढते आणि भाजून खाल्लं तर पटकन. बाबांसाठी सालीसकट उकडा, गार होऊ द्या, दोन-तीन चकत्याच घ्या आणि तव्यावर थेंबभर तेलात फक्त कडा खरपूस करा, वर लिंबू, जिरेपूड, तिखट. सोबत दही किंवा उसळ असू द्या, आणि त्या जेवणात पोळी किंवा भात तेवढा कमी. किती चकत्या ते मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्या गोळ्या आणि रिपोर्ट मला माहीत नाहीत.