जपानी कौटुंबिक चित्रपट इतके संथ का असतात? 'शॉपलिफ्टर्स' अर्ध्यात सोडला, आता सुरुवात कुठून करू?

अर्ध्यात सोडलात म्हणजे नेमका नको तिथे सोडलात! पहिला सव्वा तास ते घर नुसतं जेवतं, झोपतं, एकमेकांची थट्टा करतं आणि दुकानातून किरकोळ माल उचलून आणतं. मग पोलिसांची चौकशी सुरू होते. कोण कोणाचं कोण, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उघड विचारला जातो. मुलांना सांभाळणाऱ्या बाईकडे (हे काम साकुरा आंदोने केलंय) आपण त्यांची आई आहोत हे दाखवायला कागद नसतो. पण तुम्ही तो सव्वा तास बघितला असेल, तर तिचं उत्तर तुम्हाला तिच्याआधी ठाऊक असतं. 'मुलं तुम्हाला काय म्हणायची?' असं विचारल्यावर साकुरा आंदो हाताने तोंड पुसत राहते, तो प्रसंग त्या संथ भागाशिवाय उभाच राहिला नसता. 2018 साली फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

तुमच्या 'का'वर माझं म्हणणं एवढंच. लग्न किंवा बाळंतपण दाखवायला एक प्रसंग पुरतो. परकं पोर आपलं कधी झालं, हे दाखवायला मात्र तसा ठरावीक प्रसंग नसतो. ते डबा भरताना, केस पुसताना, चौथ्यांदा दामटून झोपवताना कधीतरी होऊन जातं. मग कॅमेऱ्याला तिथेच बसून राहावं लागतं. 'शॉपलिफ्टर्स'चा दिग्दर्शक हिरोकाझू कोरेएदा आधी टीव्हीसाठी माहितीपट करायचा, त्यामुळे त्याला तसं बसून राहणं जमतं. यात जपानचं म्हणून एक कारणही आहे. तिथे 'कोसेकी' नावाची सरकारी कुटुंबनोंद असते. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक सगळं तीत चढतं, आणि नवरा-बायकोला कायद्याने एकच आडनाव घ्यावं लागतं. कुटुंबाची इतकी चोख नोंद ठेवणाऱ्या देशात नोंदीबाहेरच्या घराकडे बघायला दिग्दर्शकांना आवडतं, यात नवल नाही.

सुरुवात कोरेएदाच्याच 'लाइक फादर, लाइक सन' (2013) पासून करा. त्यात गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच पकड घेते. सहा वर्षं वाढवलेला मुलगा आपला नाही, इस्पितळात अदलाबदल झाली होती, असं एका यशस्वी वास्तुविशारदाला कळतं. दुसरं कुटुंब विजेच्या वस्तूंचं छोटं दुकान चालवणारं, गबाळं आणि मुलांसोबत मजेत अंघोळ करणारं. आता काय, अदलाबदल करायची? आपल्याकडे या कथेत दोन आयांचा हंबरडा ठरलेला असता. इथे दोन कुटुंबं भेटतात, खातात, फोटो काढतात आणि बाप हळूहळू उघडा पडत जातो. शेवटाकडे तो मुलाने कॅमेऱ्यात टिपलेले फोटो बघतो. कसले ते सांगत नाही. स्पीलबर्ग अध्यक्ष असलेल्या कानच्या ज्युरीने याला ज्युरी पुरस्कार दिला होता.

मग त्याचाच 'अवर लिटिल सिस्टर' (2015). मला यातला सर्वांत आवडता हाच, म्हणून जरा जास्त लिहितो. कामाकुराच्या एका जुन्या घरात तीन बहिणी राहतात. वडील पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेलेले, आईही निघून गेलेली. वडिलांच्या अंत्यविधीला यामागाताला गेल्यावर त्यांना शाळकरी सावत्र बहीण भेटते. परतताना आगगाडीची दारं मिटायच्या बेतात असताना थोरली तिला विचारते, आमच्याकडे राहायला येशील? तीही हो म्हणते. सगळा 'निर्णय' तेवढाच. संसार मोडणाऱ्या बाईची मुलगी घरात कशाला, म्हणून आजेमावशी कुरकुरते. ते काम किरिन किकीने केलंय आणि तिचं कुरकुरणंसुद्धा ऐकत राहावंसं वाटतं. (कोरेएदाच्या बऱ्याच चित्रपटांत ती आहे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये ती गेली.) यानंतर उरलेला चित्रपट म्हणजे चार ऋतू. अंगणातल्या झाडाचे उमे (आलुबुखारसारखं आंबट फळ) उतरवून त्यांची दारू घालायची, पावावर बारीक मासळी पसरून खायची, खांबावर उंचीची खूण करायची. मधेच कळतं की ज्या थोरलीने वडिलांना माफ केलेलं नाही, तीच एका विवाहित डॉक्टरात गुंतली आहे. त्यावर कोणी भाषण देत नाही. माझी तक्रार एकच, यातली माणसं जरा जास्तच गोड आहेत.

नाओको ओगिगामीचा 'क्लोज-निट' (2017) फार लोकांनी पाहिलेला नसतो. आई सोडून गेल्यावर अकरा वर्षांची तोमो मामाकडे येते. मामाची जोडीदार रिन्को ही पारलिंगी स्त्री, वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करणारी. आतापर्यंत दुकानातल्या ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, दिवस काढलेल्या पोरीला ती सजवलेला डबा करून देते. डबा इतका सुंदर की पोरगी तो खाता खात नाही. समाज काय म्हणतो तेही चित्रपटात आहे, पण मला लक्षात राहिला तो डबा.

नाओमी कावासेचा 'ट्रू मदर्स' (2020) दत्तक घेणाऱ्या आणि जन्म देणाऱ्या अशा दोन्ही आयांचा आहे. विषय जबरदस्त, पण समुद्र आणि उन्हाची दृश्यं निम्मी केली असती तरी चाललं असतं. सगळाच संथपणा कारणी लागतो असं नाही.

जुन्या पिढीतला दिग्दर्शक यासुजिरो ओझू याचा 'टोकियो स्टोरी' (1953) याच वाटेवर भेटेल. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात. पोटची मुलं कामात. सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको. कोरेएदाची तुलना सगळे ओझूशी करतात. कोरेएदा स्वतः मात्र जुना जपानी दिग्दर्शक मिकिओ नारुसे आणि इंग्रज दिग्दर्शक केन लोच आपल्याला जास्त जवळचे असं सांगतो. 'शॉपलिफ्टर्स'मधली गरिबी बघितली की ते पटतं.

आणि कोरेएदाचा 'नोबडी नोज' (2004) आताच लावू नका. आईने टाकलेली चार भावंडं टोकियोच्या एका फ्लॅटमध्ये एकटी राहतात. 1988 साली उघडकीस आलेल्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. वर्षभर क्रमाने चित्रीकरण केल्यामुळे मुलं पडद्यावर खरोखर वाढताना दिसतात. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर बघा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर उत्तम.

'शॉपलिफ्टर्स' मात्र पुन्हा पहिल्यापासून लावा, सोडला होतात तिथून नको.