तेरा वर्षांच्या मुलीला दातांना तार बसवली आहे, ती नीट जेवत नाही, गाल आतून सोलला आहे. घरी काय करता येईल?

ताई, आठ दिवस ती चहा-बिस्किटावर आहे असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. मी वेंगुर्ल्याची. बारावीनंतर मला तार लागली, पावणेदोन वर्षं होती.

आधी गालाचं बघा. दात दुखतात ते तार आवळल्यावर काही तासांनी, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवडाभरात बहुतेक ओसरतं. आठ दिवसांनी गाल सोललेला असेल तर कुठेतरी घासतंय. बॅटरी घेऊन अगदी मागच्या दाढेपाशी बघा, तारेचं टोक बाहेर आलंय का. आलं असेल तर डॉक्टरांना फोन करा, दोन मिनिटांत कापून देतात. घरी पकडीने कापायला जाऊ नका. तोवर तारेवर लावायचं खास मेण लावा. ते बहुतेक पहिल्याच दिवशी छोट्या डबीत देतात, नाहीतर मागून घ्या. माझं मेण सारखं सुटायचं, कारण मी ओल्या ब्रॅकेटवरच, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवतात त्या छोट्या चौकोनावरच, लावत होते. हात धुवायचे, ती जागा कापसाने कोरडी करायची, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी गोळी बोटांत मळून दाबून बसवायची. चुकून गिळली तरी घाबरू नका. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. एवढं करूनही दात चावताना तितकेच दुखत असतील तर डॉक्टरांना विचारा, अंगावर काढू नका.

खाण्याची चिंता आपल्याकडे तरी कमी. उकड्या तांदळाची पेज, मऊ भातावर कुळथाची पिठी, शहाळ्यातली मलई, कालवणात भिजवलेलं घावन. मासा बंद करू नका. सुरमई किंवा मोरी चालेल, बांगडा मात्र तुम्ही स्वतः काटे काढून द्या, बारीक काटा तारेत अडकला की रडवतो. कडक भाकरी, खाजं, चिवट आंबापोळी-फणसपोळी आणि समोरच्या दातांनी तोडायची कैरी सध्या नको, ब्रॅकेट निघतं. कालवणातल्या हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पिवळी होतात. त्याचं मनाला लावून घेऊ देऊ नका, पुढच्या वेळी रबरं बदलतातच. तेव्हा निळी किंवा राखाडी मागा.

आता जे मला कुणी ठासून सांगितलं नाही ते. दुखतं म्हणून मी सुरुवातीचे महिने वरवर ब्रश फिरवायचे. तार काढली तेव्हा वरच्या दोन्ही सुळ्यांवर खडूसारख्या पांढऱ्या चौकटी उमटल्या होत्या, ब्रॅकेट जिथे होतं त्याच्या अगदी कडेने. तिथे अन्न साचून दाताचं वरचं कवच कमकुवत झालं होतं. चार वर्षं झाली, फोटोत अजून दिसतात. म्हणून तिच्यासोबत आरशासमोर उभ्या राहा. ब्रॅकेटच्या वर, हिरडीच्या कडेला ब्रश तिरपा धरून एक फेरी, मग खालून दुसरी, मग बाटली धुवायच्या ब्रशची बारकी आवृत्ती वाटावी असा जो ब्रश मिळतो, तो तारेखालून प्रत्येक दातापाशी. पेस्ट फ्लोराइडची. रात्रीचं ब्रश करणं तर चुकवूच नका. सोलकढी प्यायल्यावर लगेच घासू नका, आंबटाने कवच थोडं मऊ झालेलं असतं. नुसती चूळ भरून अर्ध्या तासाने घासायचं.

गणपतीत मोदक चालतील का, असं विचारलंत. जरूर द्या, उकडीचाच द्या, तुकडे करून. सारणातलं खोबरं तारेखाली बसतं, तेव्हा तो छोटा ब्रश तिच्या पर्समध्ये ठेवा, कुणाकडे आरतीला गेलात तरी तो फिरवून चूळ भरता येते. पंचखाद्य घेतलं तर त्यातली खडीसाखर वेचून काढा, तीच दाढेखाली आली आणि माझं ब्रॅकेट ऐन गौरी जेवणाच्या दिवशी निघालं होतं.