कोंबडा अंगावर येतो, काय करू?

परसातल्या कोंबड्यांबद्दल पत्रं येतात ती बहुतेक मर, अंडी कमी, खुडूक असलीच. या वेळी मात्र तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून कोंबड्याचीच तक्रार आलीय, म्हणून तिन्ही एकत्र घेतो.

प्रश्न : आमच्याकडे ११ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, दीड वर्षाचा. पिल्लू असताना मुलांनी हातावर खेळवून वाढवलेला. शिमग्यापासून अंगावर यायला लागला. सासूबाई अंगण झाडायला वाकल्या की मागून येऊन पोटरीवर उडी. परवा ५ वर्षांच्या मुलीच्या गालावर चोच मारली. मिस्टर लाथ घालतात, मी झाडू घेऊन मागे लागते, तर तो आणखीनच चेकाळतो. सगळे म्हणतात कापा आणि वडे करा, पण तो राखणेचा आहे, म्हणजे राखणदार देवाला दिवाळीनंतर द्यायचाय, तोवर सांभाळायलाच हवा. (कणकवली तालुका)

उत्तर : ताई, आधी मुलीचं बघा. गालावर लागलं म्हणजे डोळा थोडक्यात वाचला. कोंबडा मोकळा असताना ती एकटी अंगणात जाणार नाही एवढं आजपासून पाळाच, बाकीचं सगळं नंतर. त्याची चोच आणि नखं दिवसभर शेणा-उकिरड्यात असतात, त्यामुळे जखम साबण-पाण्याने नीट धुवा, खोल असेल तर नुसती हळद दाबून बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का तेही त्यांनाच विचारा.

आता त्याच्याकडे वळू. कोंबडा ५-६ महिन्यांत वयात येतो आणि तिथून पुढे अंगणातला दुसरा कोण कोंबडा आपल्या कोंबड्यांवर हक्क सांगतोय हेच बघत असतो. बाहेरच्या कोंबड्याला माणसाची मुळात भीती असते, तुमच्या या महाराजांची ती लहानपणीच गेली, त्यामुळे तुम्ही सगळे त्याच्या लेखी दुसरे कोंबडे. मग मिस्टरांनी लाथ मारली म्हणजे समोरच्याने भांडण घेतलं, आणि सासूबाई ओरडून घरात पळाल्या म्हणजे हा जिंकला. दोन्हीकडून तो शिकतो एकच, की अंगावर गेलं की काहीतरी होतं.

उडी मारायच्या आधी तो सांगतो बरं का, आपलं लक्ष नसतं. मानेची पिसं फुलतात, एका बाजूचा पंख जमिनीला टेकेल इतका सोडून तो तिरका तिरका गोल फिरतो, आणि मध्येच दाणा नसताना जमिनीवर चोच मारल्यासारखं करतो. हे दिसलं की पाठ फिरवायची नाही, पळायचंही नाही, मारायचंही नाही. त्याच्याकडे तोंड करून ताठ उभं राहायचं आणि एक एक पाऊल सावकाश त्याच्या दिशेने टाकायचं, तो बाजूला होऊन चरायला लागेपर्यंत. हातात सूप किंवा घमेलं असू द्या, मारायला नाही, मध्ये धरायला. सासूबाईंनी सध्या तो कोंडलेला असतानाच झाडून घ्यावं, कारण खाली वाकलेला माणूस आणि जमिनीवर हलणारा झाडू म्हणजे त्याला आमंत्रणच.

दुसरं काम संध्याकाळचं. अंधार पडला की कोंबड्यांना दिसत नाही, तेव्हा खुराड्यातून त्याला अलगद उचला, दोन्ही पंख दाबून काखेत धरा, एका हाताने पाय पकडा म्हणजे पायामागचा काटा लागणार नाही, आणि १०-१५ मिनिटं घेऊन फिरा. फडफड थांबून अंग सैल पडलं की मगच खाली सोडायचा, तो धडपडत असताना सोडलात तर उलटंच शिकेल. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे करायचं, नाहीतर तो मिस्टरांना घाबरेल आणि तुमच्यावर येतच राहील. पाय धरून उलटा लटकवत नेऊ नका, त्याने त्याला श्वास घ्यायला त्रास होतो आणि राग काही जात नाही.

दोनतीन आठवड्यांत फरक पडतो, काहींना अजिबात पडत नाही हेही खरं. लहान मूल घरात असताना मी तर वाट बघणार नाही. तुम्हाला तो दिवाळीनंतर द्यायचाच आहे ना, मग त्याला वेगळा पिंजरा करा, साधारण ४ बाय ६ फूट, जाळीचा, वर सावलीला झापं किंवा पत्रा, आणि कोंबड्या त्याला दिसतील असा. एका बाजूला खाणं-पाणी बाहेरून ठेवता येईल अशी फट ठेवा म्हणजे आत जायची वेळच येणार नाही. रोज थोडा वेळ, मुलगी घरात असताना, मोकळा सोडा.

पायामागच्या काट्याचं विचारलं नाहीत, पण दीड वर्षाच्या कोंबड्याचा काटा चांगला टोकदार झालेला असतो. त्याचं फक्त टोक कानशीने घासून बोथट करा. मुळापासून छाटू नका, आत हाड आणि रक्त असतं. (राखणेच्या कोंबड्याला असं केलेलं चालतं का, ते मात्र घरातल्या जाणत्या माणसाला विचारा, त्यात मी पडत नाही.) आणि याच्यापासून फळलेली अंडी रवणीला, म्हणजे पिल्लं काढायला, ठेवू नका. स्वभाव थोडाफार रक्तातून उतरतो, पुढच्या वर्षी असे चार होतील.

प्रश्न : एकाच लॉटमधले गिरिराज जातीचे दोन कोंबडे आणि ६ कोंबड्या आहेत. दोघे रक्त येईपर्यंत भांडतात, कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं पार गेलीत. आम्हाला फक्त घरापुरती अंडी हवीत. (सातारा)

उत्तर : दादा, मग दोन्ही कोंबडे कशाला हवेत? अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो, आणि तेव्हासुद्धा ८-१० कोंबड्यांमागे एक पुरतो. तुमच्याकडे तीन कोंबड्यांमागे एक पडतोय, दिवसभर एकीवरच दोघं चढत असणार, पाठ सोलणारच. दोन्ही काढा. पाठ उघडी पडलेल्या कोंबड्या थोडे दिवस वेगळ्या ठेवा, नाहीतर बाकीच्या त्या जखमेवर चोची मारतात. एक लक्षात ठेवा, कोंबडा गेल्यावरही साधारण दोन आठवडे फळलेली अंडी येत राहतात, त्यामुळे तेवढ्यात पिल्लं काढायचं मनात आलं तर काढू शकता.

प्रश्न : माझा असील (झुंजीच्या जातीचा) कोंबडा कुणालाच जवळ येऊ देत नाही. कोंबडा बाजारवाले, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी लावणारे, चांगले पैसे देतो म्हणून मागे लागलेत. द्यावा का? (चंद्रपूर)

उत्तर : नाही. पायाला काती (छोटं धारदार पातं) बांधून झुंज लावणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर पैसे लावले की जुगाराचा कायदा लागतो तो वेगळा. धाड पडली की पहिला प्रश्न कोंबडा कुणाचा हाच. शिवाय असील माणसापेक्षा दुसऱ्या कोंबड्यावर जास्त जातो, तुमचा माणसाला जवळ येऊ देत नाही म्हणजे तो कुणीतरी डिवचून डिवचून तसा केलेला असण्याचीच शक्यता जास्त वाटते मला, शेजारची पोरं काय करतात बघा एकदा. ठेवायचाच असेल तर शेजारच्या कोंबड्याच्या नजरेआड ठेवा, जाळीला खालून दोन फूट पत्रा मारा म्हणजे जाळीतून चोचाचोची होणार नाही.