कुस्तीच्या मॅटवर उतरणाऱ्या धाकट्या बहिणीला
अगं, गुहागरच्या पुळणीवर पळतेस ते छानच, पण ओल्या, घट्ट वाळूवर पळ. भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळला की सराव बुडतो. कबड्डी सोडू नकोस! घोट्याची पकड हातात बसलेल्या मुलीला एकेरी पट, म्हणजे समोरचीचा एक पाय धरून तिला पाडायचा डाव, लवकर जमतो, आणि ही आपल्या कोकणातल्या मुलींची खरी जमेची बाजू आहे. मॅट मात्र लवकर गाठ. फ्रीस्टाइल कुस्तीत मोठ्यांच्या गटात तीन मिनिटांच्या आणि १७ वर्षांखालील गटात दोन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, त्यातही १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. म्हणून पट काढला की लगेच भारंदाज, म्हणजे खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला कमरेला धरून फिरवायचा डाव, हे अंगात मुरव.

वजनाचं फार मनावर घे. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० किलो गटात कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. वाढत्या वयात उपाशी राहून ५० किलोत उतरू नकोस, ५३ मध्ये खेळ. भात, बांगडा, कुळथाची पिठी पोटभर खा.

लष्करातल्या नोकरीचं म्हणशील, तर बॉक्सर जास्मिन लांबोरिया २०२२ मध्ये खेळाच्या जोरावरच लष्करी पोलीस दलात हवालदार झाली. त्याला मोठ्या स्पर्धांतली कामगिरी लागते, तेव्हा प्रमाणपत्रं जपून ठेव. दहावीही नीट दे. आई नाही म्हणत असेल तर मला सांग, मी बोलते तिच्याशी.