कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग क्ष-किरणांचे स्फोट कुठून होतात? आणि ते न्यूट्रॉन ताऱ्याचे (मोठा तारा कोसळून उरलेल्या अतिघन गोळ्याचे) नाहीत हे कसं ओळखतात?

किरण विवराच्या आतून येतच नाहीत, त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीतून येतात. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला वायू थेट आत पडत नाही, कारण त्याच्यापाशी कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर असतो. चकतीतल्या चुंबकीय खळबळीमुळे हा संवेग बाहेरच्या थरांकडे जातो, तेव्हा कुठे वायू आत सरकतो. सूर्याच्या 10 पट वस्तुमानाचं, स्वतःभोवती न फिरणारं विवर घ्या. क्षितिज (जिथून प्रकाशही परत येत नाही ती सीमा) केंद्रापासून 30 किमीवर, शेवटची स्थिर कक्षा (जिच्या आत वायू फिरत टिकत नाही) 90 किमीवर आणि तिथली एक फेरी साधारण साडेचार मिलिसेकंदांची. तापमान कोटीभर अंशांच्या घरात, म्हणून क्ष-किरण.

आता स्फोट. उत्तम नमुना म्हणजे 1992 मध्ये सापडलेला जीआरएस 1915+105 हा कृष्णविवर आणि जोडीदार तारा असलेला स्रोत. हा कधीकधी हृदयाच्या ठोक्यांसारखा धडधडतो: साधारण 50 सेकंदांनी एक ठोका, चढ सावकाश, उतार झटक्यात. वायूचा ओघ फार वाढला की चकतीच्या आतल्या भागात वायूच्या दाबापेक्षा प्रारणाचा, म्हणजे प्रकाशाचा दाब वरचढ होतो. मग थोडी जास्त उष्णता आणखी उष्णता वाढवते, चकती फुगते आणि आतला वायू भरून येण्यापेक्षा वेगाने विवरात रिकामा होतो. तेज कोसळतं. पुढचा ठोका बाहेरचा वायू ती जागा भरेपर्यंत थांबतो. रिकामा झालेला भाग मोठा, तर हे थांबणंही लांबतं. हिशेब पटण्यासारखा आहे, पण एक गोष्ट खटकते: सिद्धांतानुसार ही धडधड इतर बऱ्याच तेजस्वी स्रोतांतही दिसायला हवी, आणि दिसते आयजीआर जे17091-3624 सारख्या मोजक्याच ठिकाणी.

न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. त्यावर काही तास वायू साचतो आणि एकदम अणुसंमीलन होऊन पेटतो. तेज एक-दोन सेकंदांत चढतं, मग दहा-वीस सेकंदांत ओसरतं, आणि ओसरताना तापमान उतरत गेलेलं वर्णपटात दिसतं. असा एक जरी स्फोट पक्का सापडला तरी कृष्णविवराचा दावा संपला. उलट मात्र चालत नाही: स्फोट दिसले नाहीत म्हणून ते कृष्णविवर ठरत नाही. त्यासाठी जोडीदाराच्या कक्षेवरून वस्तुमान काढावं लागतं. ते सूर्याच्या तिपटीहून जास्त निघालं, तर न्यूट्रॉन तारा बाद. जीआरएस 1915+105 साठी ते सुमारे 12 पट येतं.

स्वतः उपग्रहाची विदा उघडणार असाल तर आलेख 1 सेकंदाच्या कप्प्यांत काढा; 100 सेकंदांच्या कप्प्यांत 50 सेकंदांचे ठोके पुसले जातात. पृथ्वी आड आल्यामुळे पडलेल्या मोकळ्या जागांना स्रोताचा मंदावलेला काळ समजू नका. शिखरं सपाट दिसली, तर आधी शोधकाच्या मृतकाळाची (एक फोटॉन मोजल्यावर तो क्षणभर आंधळा असतो त्या वेळेची) दुरुस्ती केली आहे का ते तपासा: फोटॉन दाटीने आले की त्यातले काही मोजायचे राहूनच जातात.