‘दुधाचाच दात हाय, पडंल की’

मानखुर्दला पत्र्याच्या खोलीत राहणारी एक आई. मूळची सोलापूरकडची, वडार समाजातली. नवरा-बायको दोघंही नाक्यावरून मिळेल त्या बांधकामावर जातात. मुलगी ७ वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. गाव सोडून आलेल्या बहुतेक आया जे विचारतात तेच तिनं विचारलं: “ताई, पोरीची दाढ किडलीया, पर दुधाचीच हाय, पडंल. तिच्यापायी हजेरी कशाला बुडवू? आन् कागदं तर समदी गावाला राहिल्यात.”

तिचा हिशेब चुकीचा नव्हता, एक दिवस घरी बसणं म्हणजे त्या दिवसाची चूल. चूक होती ती दाढ ओळखण्यात. म्हणून मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि आईलाच मोजायला सांगितलं. समोरच्या मधल्या दातापासून मागे जायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. काळा खड्डा सहाव्या दाढेवर होता.

दुधाचे दात वर किंवा खाली, एका बाजूला पाचच असतात. सहावी दाढ कायमची. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते, पण कुठलाही दात पाडून येत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागून मुकाट उगवते, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. वरचा भाग खोल खाचांचा, ब्रश तिथवर पोचत नाही, त्यामुळे किडतेही तीच आधी. ही गेली की दुसरी येत नाही. आणि समजा दुधाची दाढ असती, तरी ती १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायला हवी. खालून येणाऱ्या दातासाठी ती जागा धरून ठेवते. लवकर काढली तर बाजूचे दात सरकतात आणि नवा वाकडा येतो.

“मागल्या महिन्यात लई ठणकत हुती. मिश्री दाबली, थांबली.” हे ऐकलं की काळजी वाटते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. कीड तिनं जात नाही, लेकराला सवय मात्र लागते. ठणका आपोआप थांबला तर बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचू लागतो. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मानखुर्दहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते. तिथं सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर केसपेपर काढून लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारायचा. पहिल्या फेरीत बहुधा तपासणी आणि एक्स-रे होतो. बरेच पालक इथेच कंटाळून परततात. म्हणून एकूण फेऱ्या किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं आणि आपल्याला कोणता वार जमेल तेही सांगावं. कीड आतल्या नसेला पोचली नसेल तर दाढ भरून भागतं. पोचली असेल तर या वयात मुळं अजून पूर्ण झालेली नसतात, म्हणून नस शक्य तेवढी वाचवणारे उपचार करतात.

धाकटा साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपतो. त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ होती. ती किडीची सुरुवात. बाटली एका रात्रीत तोडली तर मूल रडून घर डोक्यावर घेतं. आधी साखर बंद, मग आठ-दहा दिवसांत दुधात रोज थोडं पाणी वाढवत शेवटी नुसतं पाणी. दूध दिवसा वाटीनं. दोघांनाही १००० पीपीएम (पेस्टमधलं फ्लोराइडचं प्रमाण) फ्लोराइडची पेस्ट: धाकट्याला तांदळाच्या दाण्याएवढी, मुलीला वाटाण्याएवढी. रात्रीचा ब्रश आईनं स्वतः करायचा.

राहिली धाकट्याची लस. तिला आधार कार्ड लागत नाही, गावचा पत्ताही आड येत नाही. सासूकडून लसीच्या कार्डाचा फोटो मागवला: पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरची एकच लस) दोन डोस झालेले, तिसरा आणि गोवर-रुबेलाचा पहिला राहिलेला. राहिलेल्या डोसासाठी पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत, थांबलं तिथून पुढे देतात. २०२२ साली गोवर याच भागात, गोवंडीत पसरला होता, म्हणून ही लस त्याच आठवड्यात, घराजवळच्या महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर.

निघताना आईनं मुलीचं तोंड पुन्हा उघडायला लावलं आणि उरलेल्या तीन बाजू स्वतःच मोजल्या. तिन्ही सहाव्या दाढा धड होत्या. त्यांच्या खाचा बुजवून घ्यायच्या, दंत महाविद्यालयात ‘सीलंट’ म्हणून विचारायचं.