दवाखान्यात पेशंट भरपूर, पण त्यांच्यावर संशोधन होईल का?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

केजमध्ये तुमची जुनी प्रॅक्टिस. मुलगी नुकतीच एमबीबीएस झाली आणि पीजीचा अभ्यास सोडून तुमच्याच मधुमेही पेशंटवर ‘उपचारांनी पुढे काय फरक पडला’ याचं संशोधन करायचं म्हणते. हे करिअर आहे की खूळ, असं तुम्ही विचारलंय.

खूळ मुळीच नाही. पण पेशंट आहेत म्हणजे माहिती हाताशी आहे, असं तिनं धरून चालू नये. केसपेपर पेशंटच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला. साखर कधी या लॅबमध्ये तपासलेली, कधी त्या. दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात ती चार-पाच महिन्यांनी परततात. मधल्या गोळ्या कुणी दिल्या, दिल्या का, कोण सांगणार?

खरी मेख न आलेल्या पेशंटमध्ये आहे. बरं वाटलं म्हणून आला नाही, बिघडलं म्हणून अंबाजोगाईला गेला, की वारला? रजिस्टरमध्ये तिन्ही जागा सारख्याच कोऱ्या. येणारेच मोजले, तर तुमचा उपचार आहे त्याहून गुणकारी दिसू शकतो.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं १ फेब्रुवारी २०११ रोजी देशभरातल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांकडून दोन लाखांवर पेशंटची नोंद मिळवली. दवाखान्यांतून संशोधन होतं, याचा हा पुरावाच. पण तिथं प्रश्न त्या एका दिवसाचा होता, तुमच्या मुलीचा वर्षानुवर्षांचा आहे.

संमतीचंही अवघड आहे. तुमचा पेशंट तुम्हाला ‘नाही’ म्हणणारच नाही, म्हणून संमती तुम्ही किंवा मुलीनं न घेता तिसऱ्या माणसानं घ्यावी. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आधी हवी. त्यासाठी एखादं मेडिकल कॉलेज सोबत घ्यावं लागेल.

माझं मत विचाराल तर आधी वर्षभर तिला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या वढू इथल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात किंवा गडचिरोलीच्या ‘सर्च’ या बंग दांपत्याच्या संस्थेत काम मिळतंय का, बघा. घरोघरी जाऊन माणसं वर्षानुवर्षं अभ्यासात कशी धरून ठेवतात, ते तिथं शिकता येईल. मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी: तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था किंवा चेन्नईची एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था). मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात असेल, तर मात्र एमडी कम्युनिटी मेडिसिनच धरावं. म्हणजे नीट-पीजी चुकत नाही.

तोवर सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. कंपाउंडरला बसवून मागच्या वर्षीचे मधुमेही काढा, सहा महिन्यांत न फिरकलेल्यांना फोन लावा. किती सापडतात ते बघून तिलाच मला लिहू द्या.